परग्रहावरचे शिपाई पाचशे रुपयांत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका पालकांचं पत्र होतं. त्यांच्या नववीतल्या मुलाने वाढदिवसाला मिळालेले पैसे साठवून अंतराळातल्या शिपायांच्या छोट्या प्लॅस्टिकच्या पुतळ्यांचा एक परदेशी डबा मागवला. आत दहा शिपाई, तेही न जोडलेले आणि बिनरंगाचे. रंग वेगळे, ब्रश वेगळे. सगळं मिळून साडेपाच हजारांना पडलं. हा श्रीमंतांचा नाद आहे, आपल्यासारख्या घरांनी त्या वाटेला जाऊ नये, असा त्या पत्राचा सूर होता. पैशांची त्यांची काळजी मला पुरती समजते. पण असे पुतळे रंगवण्याचा हाच छंद मी गेली अकरा वर्षं वारज्याच्या दोन खोल्यांत करते आहे, आधी पगारातून आणि आता निवृत्तीनंतरच्या बेताच्या पैशांतून. माझ्या हिशेबाच्या वहीत वेगळे आकडे आहेत, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

माझं लहानपण कसबा पेठेत गेलं. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे. आठ-नऊ वर्षांची असताना मी त्यांचे ब्रश धुवायची, मग पितांबराचे काठ रंगवायला मिळाले, आणि चौदाव्या वर्षी वडिलांनी पहिल्यांदा आखणी करायला दिली, ती उंदराच्या डोळ्यांची. गणपतीच्या डोळ्यांपर्यंत पोचायला आणखी चार वर्षं लागली. पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने ०.२ मिलिमीटरची रेघ ओढायची, न थरथरता, दिवसभर. कॉम्प्युटर आले आणि ट्रेसरचं काम संपलं. मला स्टोअरच्या नोंदींवर बसवलं. हात रिकामा झाला. रिकामा हात किती बोचतो हे ज्याने हाताने काम केलं आहे त्यालाच कळेल.

२०१४ साली मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मित्राने टाकून दिलेले तीन पुतळे त्याने घरी आणले. अंगठ्याच्या पेराएवढे. एका यंत्रमानवाचा हात तुटलेला, एकावर कुणीतरी नेलपेंटचा जाड थर दिलेला, तिसरा कोरा. तो कोरा पुतळा मी चष्मा काढून डोळ्यांजवळ धरला. त्याच्या हातमोज्याच्या शिवणी दिसत होत्या, पट्ट्याचं बक्कल दिसत होतं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी वडिलांच्या वेळचा रंगकामाचा डबा उघडला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे शिपाई बहुतेक २८ मिलिमीटरच्या मापाचे असतात. खरा माणूस आणि पुतळा यांचं प्रमाण साधारण एकास साठ. याहून लहान, १५ आणि ६ मिलिमीटरचेही मिळतात. कुणी टेबलावर फाशांनी लढाई खेळायला ते रंगवतात, कुणी नुसतंच रंगवून कपाटात मांडतात. मी दुसऱ्या जातीची. खेळणं नवीन नाही. एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली मंगळावरून पृथ्वीवर होणाऱ्या स्वारीची कादंबरी लिहिली, आणि त्यांनीच १९१३ साली जमिनीवर शिपाई मांडून लढण्याच्या खेळाचे नियम पुस्तक करून छापले. विज्ञानकथा आणि खेळण्यातले शिपाई शंभर वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या घरात होते. आज ज्याचा बोलबाला आहे तो ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७ साली काढला. तो घडतो एकेचाळिसाव्या सहस्रकात. एक गोष्ट त्या पालकांनी मुलाला जरूर सांगावी: या खेळाच्या सुरुवातीच्या दिवसांत डिओडरंटच्या रिकाम्या डबीतून तरंगतं लढाऊ वाहन कसं बनवायचं, हे कंपनीनेच छापून दिलं होतं. आज इतका महागडा वाटणारा छंद असाच, घरातल्या रिकाम्या डब्यांवर उभा राहिला.

किंमत इतकी का, हेही समजून घ्यायला हवं. पोलादी साचा कोरायला प्रचंड खर्च येतो आणि तो प्रत्येक डब्यावर वाटला जातो, हे एक. दुसरं, आपल्याकडे येताना लागणारी जकात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. जोडायचे छोटे नमुनेही त्याच शीर्षकाखाली येतात. देशी खेळण्यांच्या धंद्याला आधार मिळावा म्हणून हे केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग आपण देशी मालाकडे वळावं ना! अंतराळातले शिपाई रंगवायचे तर परदेशी डबाच हवा, हे कुणी ठरवलं?

आता वही उघडते. गेल्या जूनमध्ये आमच्या इमारतीतल्या एका मुलीला शून्यापासून सामान घेऊन दिलं. तुळशीबागेतून प्लॅस्टिकच्या हिरव्या शिपायांची एक पिशवी ८० रुपये. अप्पा बळवंत चौकातून ॲक्रिलिक रंगाच्या सहा ट्यूब २१० आणि दोन ब्रश १४०. फेविकॉल २०, एम-सील ३०, पॉलिश पेपर १५. एकूण ४९५ रुपये. यात चोवीस शिपाई रंगवून झाले आणि अर्ध्याहून जास्त रंग अजून शिल्लक आहे.

कुणी म्हणेल, ते हिरवे शिपाई तर साधे सैनिक, त्यात अंतराळ कुठे? ते आपण आणायचं. एम-सीलचे दोन भाग सारखे घेऊन मळायचे, हाताला पाणी लावून शिपायाच्या टोपीवर गोळी बसवायची, टूथपिकने पुढे काच कोरायची, झालं शिरस्त्राण. पाठीवर प्राणवायूच्या नळकांड्या म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचे दोन तुकडे. त्यांतून छातीकडे येणारी नळी म्हणजे बंद पडलेल्या इअरफोनची वायर. बंदुकीच्या टोकाला नकली दागिन्यातला एक मणी. इतकं केल्यावर तो कुठल्या देशाचा सैनिक होता हे ओळखू येत नाही. मात्र हे शिपाई मऊ प्लॅस्टिकचे, म्हणजे पॉलिथिनचे असतात. त्यावर रंग धरत नाही. वाकवला की पापुद्रा निघतो. बहुतेक मुलं इथेच हिरमुसतात आणि छंद सोडतात. उपाय सोपा आहे. भांड्याच्या साबणाने शिपाई घासून धुवायचा, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा त्यावर राहिलेला असतो. वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्यायचा. फेविकॉलची साय शिपायाबरोबर वाकते, तुटत नाही, आणि तिच्यावर रंग बसतो.

डब्यातले महाग शिपाई कडक पॉलिस्टायरिनचे असतात. त्यांचा गोंद चिकटवत नाही, तर दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, म्हणून तो सांधा पक्का बसतो. हेच पॉलिस्टायरिन फुगवलं की थर्माकोल होतो. थर्माकोलवर डब्यातला स्प्रे मारला की तो खड्डे पडून विरघळतो, हे ज्यांनी मखर केलं आहे त्यांना माहीत असेल. २०१८ पासून आपल्याकडे थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि मी तो विकत घेत नाही. टीव्ही-मिक्सरच्या खोक्यातून आलेला मात्र फेकत नाही. फेविकॉलचे दोन हात दिले की त्याचे डोंगर होतात.

रंगाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे इथेच वाया जातात. छंदाचे खास रंग उत्तमच. त्यांची पूड फार बारीक दळलेली असते. पण चित्रकलेच्या दुकानातला साधा ॲक्रिलिक रंगही चालतो. फक्त तो ट्यूबमधून काढून तसाच लावायचा नाही. पाणी घालून दुधासारखा करायचा आणि दोन-तीन हात द्यायचे, आधीचा वाळल्याशिवाय पुढचा नाही. वडील म्हणायचे, पहिला हात बघून घाबरू नकोस, तो घाबरवण्यासाठीच असतो. तिसऱ्या हातानंतर अंगावरची कोरीव नक्षी तशीच राहते आणि रंग सपाट बसतो. एका जाड हातात ती नक्षी बुजते, आणि पैसे तर त्या नक्षीचेच दिलेले असतात.

ब्रशचंही तसंच. मुलं सगळ्यांत बारीक, तीन शून्यांचा ब्रश मागतात. त्या ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही. पुतळ्यापर्यंत नेईतो टोकावरचा रंग वाळतो. एक नंबरचा ब्रश घ्यावा, ओला करून त्याचं टोक बघावं, टोक नीट जुळत असेल तरच पैसे द्यावेत. डोळ्यांसकट सगळं त्याने होतं. रंग ब्रशच्या पत्र्यापर्यंत चढू द्यायचा नाही आणि काम झालं की अंगाच्या साबणाने धुवायचा. माझा एक ब्रश चार वर्षं चालला.

एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की ताटलीतला रंग पाच मिनिटांत कातडं धरतो. त्यासाठी जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओला रुमाल अंथरायचा, त्यावर बेकरीत वापरतात तो बटर पेपर, आणि त्यावर रंग काढायचा. खालून ओल मिळत राहते. झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही रंग ताजा असतो. या साधनाचे तयार डबे विकत मिळतात. घरात रुमाल असताना ते घेऊ नयेत.

दोन युक्त्या आल्या की साध्या रंगालाही खोली येते. एक, काळपट तपकिरी रंगात भरपूर पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून तो सगळ्या पुतळ्यावरून फिरवायचा. साबणामुळे पाणी थेंब धरून बसत नाही, खोलगट जागी उतरतं आणि सावल्या आपोआप पडतात. दुसरी, जुना झडलेला ब्रश फिकट रंगात बुडवून जुन्या फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि मग पुतळ्यावरून हलकेच झाडल्यासारखा फिरवायचा. उंचवटे उजळतात, चिलखताच्या कडा उठून दिसतात. कारखान्यात मुकुटावर सोनेरी रंगाचा उजाळा द्यायचे तो हाच हात.

एक गोष्ट मात्र मला सवय मोडून शिकावी लागली. गणपतीची आखणी सगळ्यांत शेवटी. डोळे उघडले की मूर्ती पूर्ण; त्यानंतर तिला ब्रश लावायचा नाही. इथे उलटं. या शिपायाचं डोकं जेमतेम चार मिलिमीटर, डोळा अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तिथे पांढरा रंग बाहेर जाणारच. म्हणून डोळे सगळ्यांत आधी करायचे: गडद तपकिरी ठिपका, त्यात पांढरी आडवी रेघ, मध्ये काळी उभी रेघ. मग कातडीचा रंग चारी बाजूंनी आत आणत आणत डोळा हवा तेवढाच ठेवायचा. उभी रेघ अशासाठी की गोल टिंब दिलं तर शिपाई डोळे वटारल्यासारखा दिसतो. पहिल्यांदा असं करताना मला वडिलांसमोर काहीतरी चुकीचं केल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही. मूर्तीत आपण प्राण यायची वाट बघतो. हा शिपाई आहे, त्याला आधी दिसलं पाहिजे.

माझ्या हातून नुकसानही झालं आहे. नेलपेंटचा थर दिलेला तो पुतळा मी थिनरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी तळाशी करडा चिखल होता. थिनर रंगाबरोबर पॉलिस्टायरिनही विरघळवतो हे तेव्हा माहीत नव्हतं. ॲक्रिलिक रंग काढायचा असेल तर पुतळा रात्रभर डेटॉलमध्ये ठेवावा आणि हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासावा. लगेच पाण्याखाली धरू नये, सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक होतो. आधी डेटॉलनेच खंगाळून मग साबण लावावा. दुसरं नुकसान ऑगस्टमधलं. गॅलरीत प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, स्प्रे मारला आणि सहा पुतळ्यांवर पिठासारखी बुरशी दिसावी तसा पांढरट थर आला. दमट हवेत असं होतं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर स्प्रे बंद. त्या महिन्यांत मी ब्रशनेच अस्तर देते. फेविक्विकही पावसाळ्यात सांध्याभोवती पांढरं धरतं, म्हणून अगदी थेंबभर लावावं.

शिपाई झाले की त्यांना जमीन लागते, आणि इथे पुण्यात राहणाऱ्याला एक पैसाही खर्च करायला नको. मंगळ तांबडा दिसतो तो तिथल्या लोहाच्या गंजामुळे. आपला मुरूमही त्याच कारणाने तांबडा. शेजारच्या बांधकामावरून वॉचमनला विचारून ओंजळभर आणला, चहाच्या गाळणीने चाळला, तळावर फेविकॉल लावून पसरला, मंगळ तयार. चंद्रावरचे काळसर डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट, आणि आपला सह्याद्रीही बेसाल्टच. म्हणून चंद्रासाठी खडीची कच वापरावी. एका मुलाला हे सांगितलं तेव्हा तो पळत जाऊन जिन्याच्या फरशीला हात लावून आला.

इमारती आणि यंत्रांसाठी मी जुन्या बाजारात जाते. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत तो भरतो हे पुणेकरांना सांगायला नको. मोडका कीबोर्ड वीस-तीस रुपयांत मिळतो. त्याची बटणं म्हणजे कारखान्याच्या भिंती, आतली रबरी चादर म्हणजे तळघराची जमीन, पाठीवरच्या जाळ्या म्हणजे खिडक्या. सर्किटची पाटी कापताना मात्र तोंडाला फडकं बांधावं आणि पाटी ओली करून कापावी. तिच्यात काचेचे तंतू असतात आणि ती धूळ छातीत जायला नको. लहान मुलांच्या हाती ती करवत मी देत नाही.

टाकाऊतून टिकाऊ म्हटलं की लोकांना शाळेतलं प्रदर्शन आठवतं. मला अरविंद गुप्ता आठवतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन त्यांनी भूमिती उभी केली. आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी बनवली आणि शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझा मुलगा शाळेत असताना तिथे जायचा आणि घरी येऊन माझ्या स्वयंपाकघरातल्या स्ट्रॉ संपवायचा. आयुका उभी केली ती जयंत नारळीकरांनी, आणि मराठीत विज्ञानकथा घराघरांत नेली तीही त्यांनीच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा टोपणनावाने पाठवली होती, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. नाव झाकून कामाची पारख व्हावी, असा तो विचार होता. ज्या शहरात हे सगळं घडलं तिथल्या मुलाला परग्रहाची कल्पना करायला परदेशी डब्याची गरज पडावी, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महादुर्बीण आहे. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. विज्ञान दिनाला ती बघायला लोकांना सोडतात. मुलाबरोबर मी गेले होते. शेतात उसाच्या वर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या तबकड्या जवळून पाहिल्या की लक्षात येतं, त्या पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, म्हणून इतकी मोठी तबकडी इतक्या हलक्या सांगाड्यावर तगते. घरी येऊन आम्ही गणित केलं. एकास साठ मापाने तबकडी पाऊण मीटरची होत होती, म्हणजे टेबलावर दुसरं काही मावलंच नसतं. मग चहाची स्टीलची गाळणी घेतली, दांडा कापला, मध्यावर छत्रीच्या चार काड्या उभ्या केल्या. माप चुकीचं, पण आत्मा बरोबर. माझ्या मंगळावरच्या ठाण्यात ती अजून उभी आहे, आणि घरी आलेला कुणीही ती बघून ‘खोडद?’ असं विचारतो तेव्हा मला फार बरं वाटतं.

या छंदाला परकं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो आपल्या अंगणातच आहे. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? माती, दगड, गोणपाट, वर पेरलेले अळीव, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, तोफा, वाघ. मावळा बुरुजाहून उंच असला तरी कुणाला खटकत नाही. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा, हे वेड परकं वाटतं का.

रविवारी सकाळी नऊ ते अकरा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी जुन्या कॅरमबोर्डभोवती सात मुलांना घेऊन बसते. फी नाही. गेल्या दिवाळीत त्यांनी किल्ला केला आणि त्याच्या शेजारी, वेगळ्या पाटावर, मंगळावरचं ठाणं केलं. भागातल्या एका किल्ला स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांनी पाट बघितला आणि रोबो बाजूला करा, नाहीतर किल्लाही धरणार नाही, असं सांगितलं. मुलांनी पाट उचलून जिन्याखाली ठेवला. चौथीतली जी मुलगी तीन आठवडे त्याच्यावर खपत होती ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि पुढचे दोन रविवार आली नाही.

शिवरायांच्या किल्ल्यात यंत्रमानव घालू नयेत हे माझंही मत आहे. महाराजांच्या सिंहासनासमोर अंतराळवीर उभा केलेला मला चालणार नाही, म्हणूनच तर वेगळा पाट होता. पण स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे: यंदा किल्ल्यांसोबत एक टेबल कल्पनेतल्या गावांसाठी ठेवा. बक्षीस नको, ढाल नको. नुसतं टेबल आणि त्यावर दिवा.

आणखी दोन सूचना, त्या पालकांसाठी. हल्ली थ्रीडी प्रिंटरवर असे पुतळे छापून मिळतात, स्वस्तही पडतात, आणि ज्यांचे आराखडे शिल्पकारांनी स्वतः फुकट ठेवले आहेत असेही खूप आहेत. छापून जरूर घ्यावेत. पण रेझिनचा प्रिंटर मुलाच्या झोपायच्या खोलीत आणू नये. रेझिनचं ते द्रव कच्चं असताना अंगाला आणि श्वासाला बाधतं, हातमोजे आणि मोकळी हवा लागतेच. दुसरं, कुणी महाग पुतळ्याचा साचा काढून त्याच्या नकला निम्म्या भावात विकत असेल तर घेऊ नये. आमच्या कारखान्यात दुसऱ्याच्या मूर्तीवरून साचा उचलणाऱ्याला वडील दारात उभं करत नसत. परवडत नसेल तर साधं घ्यावं, स्वतः करावं. चोरीचं स्वस्त नको.

त्या नववीतल्या मुलाला माझा निरोप आहे, त्याच्या वडिलांनी तो पोचवावा. डबा परत करू नकोस. दहाही शिपाई एकदम जोडायला घेऊ नकोस. सगळ्यांत कमी आवडलेला एक काढ, साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ नखाला लागते तिथे पॉलिश पेपर फिरव, धू, जोड. पाऊस आहे, स्प्रे मारू नकोस. ब्रशने करडं अस्तर दे आणि रात्रभर थांब. डोळे आधी कर. तो बिघडला तरी पुसून पुन्हा रंगवू नकोस, तसाच राहू दे आणि दुसरा घे. मी आखलेला तो पहिला उंदीर माझ्याकडे नाही, त्याच वर्षी गणपतीबरोबर मुठेत गेला. तुझा पहिला शिपाई तुझ्याकडे राहील. त्याच्या तळाखाली बारीक ब्रशने तारीख लिहून ठेव.

आपली,
एक वाचक, वारजे, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)